प्रोटोकॉलमध्ये आमटी नव्हती

मॅडमनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलंच नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघे जुळवून मुलाखतीला बसलो होतो. शेजारचे दोन साहेब माझी सर्टिफिकेटं चाळत होते. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सकाळी काय खाऊन आलास?"

"पोहे, मॅडम."

"घरी रोज काय असतं?"

"भाकरी."

"मग आजच पोहे का?"

आता हे कुठल्या गाईडात असतं? मी खरं काय ते सांगून टाकलं. "भाकरी खाऊन गेलास तर तिथं डुलक्या घेशील, असं आई म्हणाली."

मॅडम एकदम खुर्चीत पुढं सरकल्या. "झोप येती व्हय? शाळूच्या भाकरीनं का हायब्रीडच्या? दोन्हीनं सारखीच येती का? आईला विचारून ये."

साहेब लोकांनी फाईल मिटली. मुलाखत संपली का अजून सुरूच व्हायची होती, मला कळेना. पण नोकरी लागली. आई आजपण सगळ्यांना सांगते, "माझ्या एका वाक्यावर लागला."

आमचं केंद्र सरकारी, ज्वारीच्या संशोधनाचं. सोलापूरच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, पुढं कडुलिंब आणि मागं ज्वारीचे वाफे. त्या वर्षी एका मोठ्या खाद्यपदार्थाच्या कंपनीबरोबर सरकारचा करार झाला होता. ज्वारी आणि अभ्यास आमचा, मशीन आणि पैसा त्यांचा. दोघांनी मिळून सोलापूरची कडक भाकरी पाकिटात घालायची आणि जगभर पाठवायची. ज्यांनी कडक भाकरी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर इतकी शेकायची की पापडासारखी ताठ होते आणि कित्येक दिवस टिकते. आमच्याकडं ती डब्यात अशी उभी रचून ठेवतात, कपाटातल्या पुस्तकांसारखी.

मी सांगोल्याकडचा. शाळेत असताना हेडमास्तरांपासून एसटी स्टँडवरच्या अनाउन्सरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो आणि त्यापायी मारही खायचो. केंद्रात माझ्या पदाचं नाव होतं 'प्रकल्प सहाय्यक'. म्हणजे पिठाची पोती, नमुन्यांचे डबे आणि मॅडम, असं तिन्ही सांभाळायचं.

मॅडम केंद्रातल्या ज्वारीच्या शास्त्रज्ञ, पन्नाशीच्या पुढच्या. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, खांद्याला पर्स, आणि पर्समध्ये टॉवेलात गुंडाळलेली भाकरी. लिपस्टिक काढावी तशी त्या भाकरी काढायच्या. डोळे मिटायच्या, भाकरी कानाजवळ न्यायच्या आणि मोडायच्या. कट्! मग तोंड वाकडं करून म्हणायच्या, "ही कालची हाय. दमट कपाटात ठेवली हुती." आणि ती खरंच कालची असायची. कुणी ठेवली ते मला माहीत असायचं, कारण मीच ठेवलेली असायची.

त्यांना सगळंच वाजवून बघायची सवय. माठ, भिंत, हेल्मेट, दुसऱ्याचा डबा. कराराच्या कार्यक्रमाला मोठमोठे अधिकारी आलेले, मांडव, शाली, नारळ. मॅडम भाषणाला उभ्या राहिल्या, माईकपुढं आल्या आणि पोडियमवरच टकटक केलं. "आत पोकळ हाय," त्या म्हणाल्या. माईक चालू होता. त्यांच्या आधी त्याच पोडियमवरून बराच वेळ बोलून गेलेले पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. हसावं का नाही, कुणाला ठरवता येईना. आमच्या केंद्राच्या प्रमुख साहेबांना घाम फुटला. ते घाबरले की कपाळ सोडून टेबल पुसतात, तसं त्यांनी पुढचं अख्खं टेबल रुमालानं लख्ख करून टाकलं.

एकदा मी कडुलिंबाखाली केंद्रातल्या पोरांना मॅडमची नक्कल करून दाखवत होतो. पर्समधून भाकरी काढायची, डोळे मिटायचे, "बघूऊऊ की, काय म्हणतीय ती!" पोरं हसायची थांबली तेव्हा मी मागं वळलो. मॅडम उभ्या. शेजारी आमचे जीपचे ड्रायव्हर अण्णा तोंडावर हात धरून.

"परत कर," मॅडम म्हणाल्या.

"सॉरी, मॅडम..."

"आरं, कर की. 'बघू' एवढं लांबवत न्हाय मी. आन् पर्स डाव्या खांद्याला."

मी पर्स डाव्या खांद्याला घेऊन परत केली. मॅडमनी परीक्षकासारखी मान हलवली. "भाकरीचा आवाज काढ की आता. मोडल्याचा."

मी जिभेनं कट् केलं.

"ही ताजी झाली. दोन आठवड्याची काढ."

त्या दिवसापासून माझी बढती झाली. कंपनीनं भाकरी मोडायचं एक मशीन दिलं होतं, त्यात भाकरी ठेवली की किती जोरात मोडली त्याची रेघ पडद्यावर यायची. पण त्या मशीनला सोलापूरचं ऊन सोसायचं नाही. ते बंद पडलं की इंजिनिअर येईपर्यंत मॅडम मला बसवायच्या. आत त्या भाकरी मोडायच्या, बाहेर मी आवाज काढायचो आणि दोन्ही आवाज जुळेपर्यंत सुटका नाही. "हे कशासाठी, मॅडम?" मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला आवाज काढाय येतो म्हंजी त्यात काय काय हाय ते तुला कळतंय. मला कळंना झालंय, म्हणून तुला इचारायले."

त्यांचा हा 'मला कळंना झालंय' फार धोक्याचा. तो ऐकला की अण्णा आपोआप ब्रेकवर पाय ठेवायचे. एकदा कंपनीचे मोठे अधिकारी आमच्याबरोबर सांगोल्याकडचे प्लॉट बघायला निघाले होते. माणूस पुण्याचा, तरुण, मराठी एकदम परीटघडीचं. कुठलीही गोष्ट करायच्या आधी ते म्हणायचे, "प्रोटोकॉलमध्ये बघतो." म्हणून आम्ही त्यांचं नावच प्रोटोकॉल साहेब ठेवलं होतं. वाटेत एक मेंढरांचा कळप कापलेल्या रानात चरत होता. मॅडमनी बघितलं की मेंढरं एका ओळीतला कडबा खातायत आणि शेजारच्या ओळीतला नुसता हुंगून सोडतायत.

"थांबीव! मला कळंना झालंय."

जीप थांबली. मॅडम उतरल्या, मेंढरांच्या मधनं घुसल्या आणि दोन्ही ओळींतली कडब्याची ताटं मोडून स्वतःच चावायला लागल्या. मेंढपाळ काठी टेकून बघत राहिला. शेवटी त्याला राहवेना. "बाई, भूक लागली आसंल तर भाकरी हाय की माझ्याकडं. कडबा कशाला खाताया?"

प्रोटोकॉल साहेब काचेतून डोकावून म्हणाले, "मॅडम, याचा आपल्या प्रोजेक्टशी नेमका काय संबंध आहे?"

मॅडम तोंडातला कडबा थुंकून म्हणाल्या, "ते आजून कळलं न्हाय. म्हणून तर उतरले."

मग मेंढपाळाची भाकरी पण घेतली, कानाला लावली आणि त्याच्या बायकोनं ती कशी थापली हे विचारत बसल्या. प्रोटोकॉल साहेबांचा लॅपटॉप धुळीनं पांढरा झाला.

पण हे सगळं गमतीचं होतं तेवढंच काळजीचंही होतं. वर्षअखेरीला संयुक्त समिती बसून एकच ज्वारी ठरवणार होती, पाकिटातल्या भाकरीसाठी. दोन उमेदवार होते. एक कंपनीनं आणलेली हायब्रीड: भरपूर येणारी, स्वस्त, मशीनला सोयीची. दुसरी मॅडमची शाळू. शाळू म्हणजे आमच्याकडची थंडीतली ज्वारी, जमिनीतल्या ओलीवर येणारी. मॅडमनी याच भागातल्या रानांमधून दाणे गोळा करून, निवडत निवडत, नोकरीतली निम्म्याहून जास्त वर्षं घालवून ती तयार केली होती. कंपनीची ठरली तर शाळूचं काम बंद होणार होतं. वाफे दुसऱ्या पिकाला जाणार, हे आमच्या प्रमुख साहेबांनी मान खाली घालून मॅडमना आधीच सांगितलं होतं. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि साहेबांचं टेबल वाजवून बघितलं.

चाचणीचा दिवस आला. दोन्ही ज्वाऱ्यांच्या भाकरी कंपनीच्या मशीनवर सारख्याच केलेल्या. एका ताटलीला लाल ठिपका, दुसरीला निळा. कुठला कुणाचा हे फक्त मला माहीत, कारण ठिपके मीच चिकटवले. चव बघायला माणसं बोलावलेली: बचत गटाच्या बायका, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल कारखान्याचे कामगार, एक शाळेच्या बाई, आणि ऐनवेळी एक माणूस कमी पडला म्हणून आमचे अण्णा. आलेल्या प्रत्येकाला एक टॉवेल आणि स्टीलचा डबा भेट होता, त्यामुळं अण्णा लगेच तयार झाले.

मॅडमसुद्धा चव बघणार होत्या. सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तू भिंतीकडं तोंड करून बस."

"का, मॅडम?"

"तुझ्या तोंडावर समदं उमटतं. मला कळलं म्हंजी चाचणी वाया गेली."

मी भिंतीकडं तोंड करून बसलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. मागं कटाकट आवाज सुरू झाले. प्रोटोकॉल साहेब सूचना वाचत होते: "प्रत्येकाने तुकडा कोरडाच चावावा, गुण द्यावेत, मग पाण्याने चूळ भरावी आणि दुसरा तुकडा घ्यावा." मग मॅडमचा आवाज आला, "आहाहा! लाल. आवाज लालचाच. काय बोलतीय बघा की!"

मी भिंतीवरच्या पालीकडं बघत राहिलो. लाल कंपनीची होती.

निकाल लागला. लाल मोठ्या फरकानं पुढं. मॅडमनी स्वतः लालला पैकीच्या पैकी दिले होते. मी भिंतीकडून वळून ठिपक्यांचं गुपित सांगितलं तेव्हा खोलीत सगळ्यांनी मॅडमकडं बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं. मॅडम खाली बसल्या. पर्स मांडीवर घेतली. पहिल्यांदाच त्या काहीच वाजवत नव्हत्या.

बायका टॉवेल घ्यायला उठल्या. प्रोटोकॉल साहेब लॅपटॉप मिटत होते. तेवढ्यात मॅडमची नजर अण्णांच्या जागेवर गेली. चूळ भरायच्या पाण्याचे दोन ग्लास तिथं होते, लाल आणि निळ्या ताटलीशेजारी एकेक, आणि दोन्हीत भाकरी.

"आण्णा, हे काय केलंय?"

अण्णा टॉवेल पोटाशी धरून उभे. "काय न्हाय की, मॅडम."

"पाण्यात का टाकली?"

अण्णांनी इकडं तिकडं बघितलं आणि गाल धरला. "काल दाढ काढलीया. चावाय येतंय व्हय? म्हणलं भिजवून गिळावं. टॉवेल जायाचा न्हायतर."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही ग्लास उचलून खिडकीत नेले. निळी भाकरी फुलून मऊ झाली होती, पाणी सगळं पिऊन बसली होती. लाल मात्र पुठ्ठ्यासारखी तशीच पाण्यात तरंगत होती.

"मला कळंना झालंय," मॅडम हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं, सगळ्यांना, "तुमी घरी कडक भाकरी कशी खाता वो?"

बचत गटाच्या एक मावशी म्हणाल्या, "कशी म्हंजी? आमटीत कुस्करून."

"आन् तुमी?"

"आमटीत की. न्हायतर दुधात," एक कामगार म्हणाला.

"मग आज कोरडी का चावली?"

मावशींनी प्रोटोकॉल साहेबांकडं बोट केलं. "ह्यानी सांगितलं म्हणून. आमाला वाटलं सरकारी पद्धत आसंल."

वर्षभर आम्ही सगळे, सरकार आणि कंपनी मिळून, भाकरी मोडायचा आवाज मोजत होतो. सोलापूरची माणसं, रोज कुस्करून खाणारी, मॅडम धरून सगळी, चाचणीचा कागद समोर आला की चिप्ससारखं चावायला लागलो. कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "चाचणी परत घ्यायची. आमटीबरोबर."

प्रोटोकॉल साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्रोटोकॉलमध्ये आमटी नाही. आणि माफ करा, पण निकाल आवडला नाही म्हणून परीक्षाच परत घ्यायची, हे बरं दिसेल का?"

आमच्या साहेबांनी टेबल पुसायला घेतलं.

मॅडम लाल झाल्या. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. पण त्या म्हणाल्या, "निकाल बरोबरच हाय. मीच लालला मार्क दिलेत की. आपला प्रश्नच चुकलाय. कुरकुरीत कुठली, हे इचारलं आपण. कुठली खाल, हे इचारलंच न्हाय." मग थोडं थांबून, "तुमचं बी खरं हाय. मी हितं नगं. मी भाईर बसते. तुमी तुमच्या हातानं वाढा. हा पोरगा ठिपके बदलंल."

प्रोटोकॉल साहेबांनी लॅपटॉप पुढं ओढला. परत उघडला. "आमटी कुठली?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, स्टँडर्ड आमटी कुठली धरायची?"

"कॅन्टीनची!" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

कॅन्टीनच्या मावशींनी काळ्या तिखटाची आमटी केली, मोठ्या पातेल्यात. मॅडम कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. जाताना अण्णांचा लाल भाकरीचा ग्लास बरोबर घेऊन गेल्या.

मधली गोष्ट सोडून पुढचं आधी सांगतो. आता ते पाकीट दुकानात मिळतं. आत मॅडमची शाळू आहे, वाफे जागेवर आहेत आणि पाकिटाच्या मागं छापलंय: 'आमटीत कुस्करून खावी.' ते वाक्य घालायचा हट्ट प्रोटोकॉल साहेबांचा. मॅडम मात्र सध्या त्या लाल ज्वारीच्या मागं लागल्यात. ती का भिजत नाही, तिचं काय दुखतंय, हे त्यांना कळंना झालंय. कंपनीनं त्यासाठी करार वाढवलाय, आणि त्यामुळं माझंही कंत्राट. मी अजून भाकरीचे आवाज काढतो.

तर त्या दिवशी. जेवणं झाली तसा मी धावतच कडुलिंबाकडं गेलो. मॅडम ग्लास दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरून बसल्या होत्या.

"मॅडम! मॅडम, निकाल..."

"थांब. हालू नको. ती जराशी हालल्यागत वाटली."

मी बघितलं. भाकरी तशीच होती. मॅडमचे हात थरथरत होते आणि पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या.

"मॅडम, तुमचा हात हलतोय."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. हात पदराखाली घेतले. "सांग. न्हाय, असंच नगं सांगू. कोण काय म्हणलं ते सांग. जसंच्या तसं."

मग मी सगळ्यांचे आवाज काढले. आधी बचत गटाच्या मावशी, बोटं चाटत: "लालवाली उलीशी बी भिजंना की गं. पातळ आमटीत बघ, पापडागत तरंगायलीय." मग कामगार: "निळी घाला आजून." ठिपके बदलताना निळा कंपनीच्या वाट्याला न येता परत मॅडमच्याच शाळूला गेला होता, चिठ्ठी टाकून. मग शाळेच्या बाई, ताट तिरकं करून उरलेलं गोळा करताना. मग अण्णा: "दाढ नसली तरी चालतंय ह्येला." मग आमचे साहेब, ज्यांनी टेबल पुसायचं सोडून ताट पुसून खाल्लं. आणि शेवटी प्रोटोकॉल साहेब, तोंड भरलेलं, टायला आमटीचा डाग: "एक्स्क्यूज मी, निळी अजून आहे का? म्हणजे, चाचणीसाठी."

मॅडम हसता हसता पुसायला लागल्या, चष्मा, मग डोळे, मग परत चष्मा. आतनं पातेलं खरवडल्याचा आवाज येत होता.

"समद्यांचा काढलास," त्या म्हणाल्या. "आता भाकरीचा काढ."

मी जिभेनं कट् केलं.

"तो मोडल्याचा. भिजल्याचा काढ."

मी तोंड उघडलं. जीभ टाळूला लावली, खाली घेतली, गाल फुगवले, ओठ बारीक केले. काहीच येईना. सांगोल्यापासून सोलापूरपर्यंत कुणाचाही आवाज काढणारा मी, तोंड उघडं टाकून तसाच उभा.

मॅडमनी डोळे मिटले. पर्समधून भाकरी काढल्यावर करतात तशी मान जरा तिरकी केली आणि ऐकत राहिल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "बराबर काढलास."